सर्व्हरची शिस्त, कामगाराची ढाल

(रेल्वे व पोस्ट कर्मचाऱ्यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्व्हर कसा सांभाळावा, हा विषय या अभ्यासवर्गात ठेवला तेव्हा काही साथींनी आम्हाला विचारले, की पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण हे प्रश्न समोर असताना युनियनने हे नसते उद्योग कशाला करावेत? सर्व्हर बघायला इंजिनिअर आहेत, ते बघून घेतील. प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कॉम्प्युटरचे तज्ज्ञ म्हणून आम्ही येथे उभे नाही. पण इंजिन बांधता येत नाही म्हणून ब्रेक न तपासता आपण गाडी सोडतो काय? ज्या वस्तूवर आपली नोकरी आणि अब्रू अवलंबून आहे, ती नीट चालते की नाही हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तसे विचारणे युनियनचे कर्तव्यही आहे.

आपली सेवापुस्तिका आज कोठे आहे ते पाहा. रेल्वेत ती एच.आर.एम.एस.मध्ये आहे. पगार आयपासमध्ये, पास कॉम्प्युटरवर, गार्ड-ड्रायव्हरची ड्युटी आणि विश्रांतीची नोंद क्रू मॅनेजमेंट सिस्टिममध्ये. आरक्षण आणि जनरल तिकिटाचा हिशेब काउंटरवरच्या डब्यात राहत नाही, तो लांबच्या सर्व्हरवर जातो. पोस्टात बचत बँकेची खाती फिनॅकलवर आहेत. बुकिंग, डिलिव्हरी आणि हिशेबासाठी ऑगस्ट २०२५ पासून देशातल्या सर्व सर्कलमध्ये नवी ए.पी.टी. व्यवस्था आली आहे. खेड्यातला ग्रामीण डाक सेवकसुद्धा आता हातातल्या यंत्रावर हिशेब देतो. म्हणजे दिवसभर घाम आपण गाळायचा आणि त्याची नोंद मात्र आपण कधी न पाहिलेल्या खोलीत व्हायची, असा हा कारभार आहे.

सर्व्हर म्हणजे काही अद्भुत चीज नाही. अनेक काउंटरांची कामे एकाच वेळी घेणारा आणि सर्वांची वही आपल्यापाशी ठेवणारा तो एक मोठा कॉम्प्युटर आहे. त्याला सांभाळणारी माणसे असतात. कोणाला आत येऊ द्यायचे हे ती ठरवतात, प्रोग्रॅम बदलतात, बिघाड काढतात आणि नोंदींची नक्कल ठेवतात. हे काम शिस्तीने झाले तर आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शिस्त सुटली, की चूक होते त्या खोलीत आणि चार्जशीट येते काउंटरवर. ही कल्पना नव्हे. जगातल्या एका मोठ्या पोस्ट खात्यात नेमके हेच घडले आहे, आणि ते आम्हाला आज तपशिलाने सांगायचे आहे.

ब्रिटनच्या पोस्टातील हकीकत

ब्रिटनमध्ये बहुतेक पोस्ट कार्यालये सब-पोस्टमास्टर चालवतात. ते खात्याचे पगारी नोकर नसतात. करारावर शाखा चालवायची, जोडीला बहुधा छोटे दुकान असायचे. आपल्याकडचे ग्रामीण शाखा पोस्टमास्तर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्यांची स्थिती लक्षात येईल. १९९९ पासून या शाखांमध्ये होरायझन नावाची कॉम्प्युटर व्यवस्था बसवण्यात आली. ती फुजित्सू कंपनीची होती.

व्यवस्था आली आणि अनेक शाखांत हिशेबात तूट दिसू लागली. तिजोरीत रक्कम अमुक, स्क्रीन सांगते तमुक. करारात लिहिलेले होते, की तूट सब-पोस्टमास्टरने भरून द्यायची. लोकांनी पदरचे पैसे भरले, नातेवाइकांकडून उसने घेतले, घरे गहाण टाकली. मदतीच्या फोनवर विचारले तर, असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे, असे उत्तर मिळाल्याचे पुढे अनेकांनी साक्षीत सांगितले. प्रत्येकाला एकटे पाडण्यात आले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांवर चोरी, अफरातफर आणि खोटे हिशेब यांचे खटले भरले गेले. त्यांपैकी सुमारे ७०० खटले पोस्टाने स्वतःच चालवले. सीमा मिस्रा या भारतीय वंशाच्या सब-पोस्टमास्टर होत्या. ७४,००० पौंडांच्या तुटीबद्दल त्यांना २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात जाताना त्या गरोदर होत्या.

साथींनो, त्यांनी पैसे घेतले नव्हते. अॅलन बेट्स या सब-पोस्टमास्टरचा करार पोस्टाने २००३ मध्ये संपवला होता. त्यांनी पुढे पीडितांची संघटना उभी केली आणि ५५५ जणांनी मिळून पोस्टाला कोर्टात खेचले. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांनी निकाल दिला, की होरायझनमध्ये दोष होते आणि त्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात खोटी तूट दिसू शकत होती. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. सीमा मिस्रा त्यांत होत्या. मे २०२४ मध्ये तर ब्रिटिश संसदेला खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. २०२५ च्या मध्यापर्यंत नुकसानभरपाईपोटी १ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम देण्यात आली होती. पण जुलै २०२५ मध्ये चौकशी आयोगाच्या अहवालाचा पहिला भाग आला. या प्रकरणापायी १३ जणांनी आत्महत्या केल्याची खरीखुरी शक्यता आहे, असे त्यात नमूद आहे. त्यांची भरपाई कोणत्या कोषागारातून करणार?

आता यातली सर्व्हरची बाजू पाहू. प्रोग्रॅममध्ये चूक राहणे ही एक गोष्ट. कोणताही प्रोग्रॅम निर्दोष नसतो. स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टन येथे २०१५ मध्ये एका बाईंनी ८,००० पौंडांच्या रोकड रेमिटन्सची नोंद करायला घेतली. स्क्रीन अडकली. त्यांनी बटण पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. दर दाबण्याला आत एक नोंद होत गेली आणि २४,००० पौंडांचा फरक तयार झाला. स्क्रीन अडकल्यावर बटण पुन्हा दाबले नाही, असा येथे कोण आहे? हात वर करा! चौकशीत दिसून आले, की हाच दोष वर्षानुवर्षे अनेक शाखांत येत होता.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. फुजित्सूची काही माणसे लांबून शाखेच्या हिशेबात नोंद घालू किंवा बदलू शकत होती, आणि शाखेत बसलेल्याला त्याचा पत्ता लागत नसे. पोस्टाने वर्षानुवर्षे छातीठोकपणे सांगितले, की असे होऊच शकत नाही. त्या कंपनीत काम केलेले रिचर्ड रोल यांनी २०१५ मध्ये बी.बी.सी.वर ही गोष्ट उघड केली. तिसरी गोष्ट नोंदींची. खरे काय घडले हे दाखवणारी मूळ नोंद कंपनीकडे होती. पण करारातील ठरावीक संख्येपलीकडे ती मागवायला पोस्टाला पैसे पडत. म्हणून अनेक प्रकरणांत ती नीट मागवलीच गेली नाही. पुरावा कपाटात पडून आणि माणूस तुरुंगात!

चौथी गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. तेथे सब-पोस्टमास्टरांची जुनी राष्ट्रीय संघटना होती. ती पोस्टाच्या पैशांवर चालत होती आणि पोस्टापासून स्वतंत्र नव्हती, असा शेरा न्यायमूर्तींनी मार्च २०१९ च्या निकालात मारला. ती संघटना सभासदांच्या मागे उभी राहिली नाही. म्हणून लोकांना नवी संघटना काढावी लागली. एकाच तऱ्हेची शंभर गाऱ्हाणी येत असताना ती एकत्र मांडून पाहणे, हेच तर युनियनचे काम असते. ते झाले असते तर पुष्कळ घरे वाचली असती.

पाच नियम, आपल्याच भाषेत

यावरून सर्व्हरची शिस्त म्हणजे काय हे समजून घेऊ. तज्ज्ञ मंडळी त्याला मोठमोठी नावे देतात. पण रेल्वे आणि पोस्टाच्या माणसाला त्यात नवे काही नाही. जनरल रूल्स आणि पोस्टाचे मॅन्युअल यांत हे सारे पूर्वीपासून आहे.

पहिला नियम – ज्याचे नाव, त्याची चावी. स्टेशनच्या रिले रूमला दोन कुलपे असतात. एक चावी स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नल खात्याकडे. दोघे आल्याशिवाय दार उघडत नाही आणि उघडल्याची नोंद होते. पोस्टाच्या तिजोरीची चावी पोस्टमास्तर आणि ट्रेझरर अशा दोघांच्या ताब्यात असते. सर्व्हरचेही तसेच असावे. तेथे जो जाईल तो स्वतःच्या नावाने जाईल. कामाला लागेल तेवढाच अधिकार त्याला मिळेल, आणि काम संपले की अधिकार काढून घेतला जाईल. बदली झाली, निवृत्ती झाली, कंत्राट संपले, तर त्याच दिवशी त्याची चावी बंद. सगळे दरवाजे उघडणारा एकच पासवर्ड चार जणांत फिरत असेल, तर चोरी कोणी केली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि हिशेबाच्या नोंदीला हात लावायचा असेल, तर दुसऱ्या माणसाची मंजुरी आणि ज्याचा हिशेब आहे त्याला सूचना, या दोन्ही गोष्टी हव्यात. ब्रिटनमध्ये नेमके हेच नव्हते.

दुसरा नियम – मेमोशिवाय हात नाही. चालू सिग्नलला हात लावण्यापूर्वी डिस्कनेक्शन मेमो द्यावा लागतो. काम झाल्यावर तपासणी आणि मग रिकनेक्शन. हा नियम किती रक्तातून आला आहे, हे २ जून २०२३ ने पुन्हा दाखवले. बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर शिरून उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे गेली. संसदेत दिलेल्या उत्तराप्रमाणे, पूर्वी केव्हातरी सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलातल्या त्रुटी आणि गेट क्रमांक ९४ चे बॅरिअर बदलताना केलेले काम, ही त्याची कारणे होती. बदल केला, पण तो नीट तपासला गेला नाही.

सर्व्हरवरचा बदल याहून वेगळा नाही. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर बाजारातली कंपनी होती. तिच्या आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्रॅम टाकायचा होता. सातांवर टाकला, एक राहून गेला. दुसऱ्या कोणी तपासून पाहावे असा लेखी नियम तेथे नव्हता. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलर गेले. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी सर्व्हरने चूक दाखवणारे ९७ ई-मेल पाठवले होते. पण ते धोक्याचे निशाण म्हणून कोणी पाहिलेच नाहीत. म्हणून बदलाचे काम लेखी असावे. आधी वेगळ्या सर्व्हरवर चाचणी, मग थोड्या ठिकाणी, मग सर्वत्र. दुसऱ्याची सही हवी, आणि बिघडले तर मागे कसे यायचे हेही आधी लिहिलेले हवे. चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. पोस्टाची ए.पी.टी. व्यवस्था आधी कर्नाटक सर्कलमध्ये चालवून पाहिली गेली आणि नंतर टप्प्याटप्प्याने इतरत्र नेली. रीत हीच योग्य. मात्र नवी व्यवस्था आल्यावरचे पहिले दिवस काउंटरवर कसे जातात, हे पोस्टातील साथींना सांगायला नको. त्या दिवसांतल्या तुटीकडे प्रशासनाने संशयाने पाहू नये, एवढे आपण पाहिले पाहिजे.

तिसरा नियम – नोंद पुसता येऊ नये. ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर रेघ मारून, सही करून, नवी नोंद करावी लागते. सर्व्हर कोण, केव्हा आत आला आणि त्याने काय केले याची आपोआप नोंद ठेवतो. तिला लॉग म्हणतात. हा लॉग ज्याच्या कामाची नोंद आहे त्यालाच पुसता येत असेल, तर त्याला काही अर्थ नाही. तो वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसाच्या ताब्यात हवा. सर्व यंत्रांची घड्याळेही एक हवीत. रेल्वेत रोज १६.०० वाजता प्रमाणवेळ कळवण्याचा नियम आहे तो याच कारणाने. दोन स्टेशनांची घड्याळे वेगळी असली तर अपघातानंतर कोणाचे खरे मानायचे?

आपल्याकडे याबाबत सरकारी आदेशही आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार सरकारी संस्थांसह सर्वांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत, घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळवून ठेवायची आहेत, आणि त्यांनी यादीत दिलेल्या सायबर घटना ६ तासांत कळवायच्या आहेत. यातला १८० दिवसांचा आकडा प्रत्येक शाखा सेक्रेटरीने वहीत लिहून ठेवावा. त्याचे कारण पुढे सांगतो.

चौथा नियम – परत उभा करून पाहिलेला बॅकअप तोच बॅकअप. गिटलॅब नावाची कंपनी जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम साठवून ठेवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा बिघाड काढत असताना तिच्या एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवर हुकूम गेला आणि चालू माहिती पुसली गेली. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या. वेळ आली तेव्हा त्यांतली एकही धडपणे कामाला आली नाही. रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचे इशारे देणारे ई-मेल मध्येच अडवले जात होते. कोणीतरी दुसऱ्या कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक नक्कल होती म्हणून निभावले. आगीची बादली भिंतीला टांगलेली आहे, पण आत वाळू आहे की नाही ते कोणी पाहिले नाही, असा हा प्रकार. तेथील व्यवस्थापनाने एक गोष्ट मात्र चांगली केली. त्या इंजिनिअरला बळीचा बकरा न करता काय काय चुकले हे सर्वांसमोर लिहून मांडले, आणि त्यात त्याचे नाव दिले नाही. आपल्या प्रशासनांनी हे शिकण्यासारखे आहे.

पाचवा नियम – बंद पडल्यावर काय करायचे ते आधी ठरलेले असावे. ब्लॉक इन्स्ट्रुमेंट बंद पडले तर गाड्या थांबत नाहीत. पेपर लाइन क्लिअरवर, ठरलेल्या रीतीने त्या चालतात, आणि त्या रीतीने काम करणाऱ्याला कोणी दोष देत नाही. सर्व्हर बंद पडला तर काउंटरवरच्या माणसाने काय करायचे? कोणत्या कागदावर नोंद ठेवायची, ती नंतर कोणी भरायची, रांगेतल्या लोकांना कोणी सांगायचे? पुष्कळ ठिकाणी हे लिहिलेलेच नसते. शिव्या खायला मात्र आपला माणूस समोर असतो.

याच नियमाचा दुसरा भाग माणसांचा. सर्व्हर सांभाळणारे बहुतेक तरुण आज कंत्राटावर आहेत. रात्रपाळी, सुट्टी नाही, एकाच माणसावर सारा भार. रनिंग स्टाफच्या ड्युटीच्या तासांसाठी आपण लढलो, कारण थकलेल्या माणसाच्या हातात गाडी देणे धोक्याचे असते. थकलेल्या माणसाच्या हातात लाखो लोकांची वही देणेही तितकेच धोक्याचे आहे. ही मुले आपले शत्रू नव्हेत. त्यांना पुरेशी माणसे, विश्रांती आणि कायम नोकरी मिळावी, हीही आपलीच मागणी असली पाहिजे.

कायदा काय म्हणतो

आता १८० दिवसांचे कारण. तुटीचा किंवा चुकीच्या नोंदीचा आरोप आला, की आपला माणूस आधी घाबरतो, मग साहेबांना भेटतो, मग कोणीतरी सांगते की भरून टाक आणि मोकळा हो. यात सहा महिने सहज जातात. तोवर लॉग निघून गेलेला असू शकतो. मग स्क्रीनवरचा आकडा हाच एक साक्षीदार उरतो, आणि त्याची उलटतपासणी करता येत नाही. म्हणून प्रकरण कळताच पहिल्या आठवड्यात लेखी अर्ज द्या – अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक काउंटरचे आणि अमुक आय.डी.चे लॉग, सर्व्हरवर त्या काळात झालेल्या बदलांची नोंद आणि बिघाडाच्या तक्रारींची नोंद जपून ठेवावी. अर्जाची पोच घ्या. लॉग मागाहून मिळो न मिळो, आधी तो जपून ठेवायला लावा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे कॉम्प्युटरवरची नोंद कोर्टात पुरावा म्हणून द्यायची, तर सोबत दाखला लागतो. त्या काळात यंत्र नीट चालत होते, किंवा बिघाड असला तरी त्याचा नोंदीवर परिणाम झाला नाही, हे सांगावे लागते. दाखल्याचे दोन भाग आहेत. एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. जुन्या कायद्यातही दाखल्याची अट होती. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले, की मूळ यंत्रच कोर्टापुढे आणले नसेल तर हा दाखला आवश्यक आहे.

खात्यांतर्गत चौकशीला पुरावा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. पण नैसर्गिक न्याय तेथेही लागू आहे. रेल्वेतील १९६८ च्या शिस्त व अपील नियमांत आणि पोस्टातील १९६५ च्या सी.सी.ए. नियमांत बचावासाठी कागदपत्रे पाहण्याची आणि जादा कागदपत्रे मागण्याची तरतूद आहे. लॉग हाही कागदच समजा आणि मागा. चौकशीत बाजू मांडणाऱ्या आपल्या साथींनी विचारले पाहिजे, की या नोंदीला हात लावण्याचा अधिकार आणखी कोणाकोणाला होता? त्या दिवशी सर्व्हरवर काही बदल झाला होता काय? याच तऱ्हेची तक्रार आणखी कोठून आली आहे काय? ब्रिटनमध्ये हे प्रश्न धसाला लावायला वीस वर्षे गेली. आपण ते पहिल्या तारखेलाच विचारले पाहिजेत.

आपली बाजू स्वच्छ हवी

साथींनो, प्रशासनाला जाब विचारणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ असावे लागतात. काउंटरवर माणसे कमी, म्हणून एकाच्या आय.डी.वर दुसरा काम करतो. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो. चहाला जाताना स्क्रीन उघडी राहते. युनियनकडे आलेल्या एका प्रकरणात रजेवर असलेल्या कर्मचाऱ्याच्या आय.डी.वर व्यवहार झाले होते आणि मेमो त्याला मिळाला. पासवर्ड देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय. वरिष्ठाने तोंडी सांगितले तरी देऊ नका. लेखी मागा. लेखी कोणी देत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

स्क्रीन अडकली, व्यवहार दोनदा गेला, आकडा जुळला नाही, तर त्याच दिवशी वेळेसह एरर बुकमध्ये किंवा रजिस्टरमध्ये लिहा, जमल्यास प्रिंट काढा, आणि वर लेखी कळवून प्रत स्वतःकडे ठेवा. तूट पदरचे पैसे घालून गुपचूप मिटवू नका. भरावीच लागली तर निषेध नोंदवून, पावती घेऊन भरा. गुपचूप भरलेला पैसा पुढे कबुलीजबाब म्हणून तुमच्यापुढे ठेवला जातो. आणि प्रत्येक शाखेने एक वही घालावी. तारीख, ठिकाण, काय बिघडले, एवढेच तीन रकाने. इटारसीची, सिकंदराबादची, हुबळीची आणि भुसावळची वही शेजारी शेजारी ठेवली, की एकच दोष चार ठिकाणी दिसेल, आणि मग कोणी म्हणू शकणार नाही की हा त्रास फक्त तुम्हालाच आहे.

प्रशासनापुढे पुढील मागण्या ठेवाव्यात, असे आम्ही या अभ्यासवर्गाला सुचवतो.

१. कर्मचाऱ्याच्या हिशेबाला किंवा सेवानोंदीला कोणीही लांबून हात लावला, तर त्याची सूचना त्या कर्मचाऱ्याला आपोआप मिळावी.

२. मोठा बदल करण्यापूर्वी मान्यताप्राप्त संघटनांना कळवावे, आणि चाचणीत प्रत्यक्ष काउंटरवर काम करणाऱ्यांना घ्यावे.

३. नवी व्यवस्था आल्यावर ठरावीक मुदतीत दिसणाऱ्या तुटीबद्दल लॉग तपासल्याशिवाय वसुली किंवा चार्जशीट नसावी.

४. तक्रार आलेल्या प्रकरणाचे लॉग प्रकरण निकाली निघेपर्यंत जपून ठेवावेत, आणि त्यांची प्रत कर्मचाऱ्याला विनामूल्य द्यावी.

५. बॅकअप परत उभा करून पाहण्याची तालीम ठरलेल्या मुदतीने व्हावी, आणि सर्व्हर बंद असताना करायच्या कामाचे लेखी नियम प्रत्येक काउंटरवर लावावेत.

६. सर्व्हर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कायम जागा भराव्यात आणि त्यांच्या ड्युटीचे तास ठरवावेत.

यांतील एकही मागणी प्रशासनाच्या हिताविरुद्ध नाही. ज्या खात्याचा सर्व्हर शिस्तीत चालतो, त्या खात्याला खरा चोर लवकर सापडतो. कॉम्प्युटरला आपला विरोध नाही. पुठ्ठ्याच्या तिकिटांचे आणि हाताने लिहिलेल्या लेजरचे दिवस परत आणा, असे आपण म्हणत नाही. आपण म्हणतो ते इतकेच, की यंत्राचा शब्द हा वेदवाक्य नव्हे. माणसाची साक्ष तपासली जाते तशी यंत्राचीही तपासली गेली पाहिजे. सब-पोस्टमास्टर एकेकटे होते तोवर चोर ठरले. ५५५ एकत्र झाले तेव्हा कोर्टाला त्यांचे ऐकावे लागले. आपल्याकडे युनियन आजच आहे. तिचा उपयोग पहिल्या तक्रारीलाच करू या.

प्रश्न असतील ते मोकळेपणाने विचारावेत.

कामगार एकजुटीचा विजय असो!